‘मी आलो’ म्हणणाऱ्या मुली आणि माझं लाल पेन

मास्तर_मार्कंडेय (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीकाठच्या एका गावात मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात भाषा शिकवतो. एकोणीस वर्षं झाली.

आमच्याकडं भाताची सुगी संपली की संमेलनांची सुगी लागते, हे इथल्यांना सांगायला नको. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी, निपाणीकडं कारदगा. एकेक रविवार एकेका गावाचा. सकाळी ग्रंथदिंडी, पुढं लेझीम, मागं डोक्यावर कळशी घेतलेल्या बायका. उद्घाटन लांबतं, परिसंवाद जेवणाच्या वेळेत सापडतो, कथाकथनाला मांडव फुटतो आणि कविसंमेलनाला उरतात ते कवी आणि खुर्च्या उचलणारी पोरं. यंदा शेजारच्या गावानं मला परिसंवादात बोलायला सांगितलंय. विषय दर तीन वर्षांनी फिरून येणारा: साहित्य आणि समाज. वेळ १५ मिनिटं.

गुरुवारी रात्री लिहायला बसलो. ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ एवढं लिहून झालं. शेजारी नववीच्या वह्यांचा गठ्ठा पडला होता, म्हटलं आधी ते उरकू. निबंध ‘माझे गाव’, वह्या ४१.

बहुतेक वह्यांत नदी झुळझुळ वाहते. घरं कौलारू. आई पहाटे उठून जात्यावर ओव्या गाते. अहो, आमच्या गावात जातं आहे ते न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्यावर कपडे वाळत घालतात. निम्म्या पोरांचे बाप उद्यमबागेत नाहीतर होनग्याच्या कारखान्यांत पाळीवर जातात. आणि झुळझुळ वाहणारी ती नदी २०१९ च्या ऑगस्टात पिकात शिरली होती, तेव्हा हीच पोरं गुडघाभर पाण्यातनं रेशनचं पोतं काढत होती. त्यातलं एक वाक्य कुठल्या वहीत नाही. पोरांनी गाव बघून निबंध लिहिलाच नव्हता, पुस्तक बघून लिहिला होता. मग आरसा कुणाचा आणि तोंड कुणाचं?

एका मुलीनं मात्र वेगळं लिहिलं होतं. आई यंत्रमागावर जाते, संध्याकाळी येते तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू असतात, ते ही मुलगी वेचून काढते. त्यात एक वाक्य: ‘मी शाळेतनं आलो की आईची वाट बघतो.’ मी सवयीनं ‘आलो’ला लाल गोल मारला, वर ‘आले’ लिहिलं, ‘बघतो’चं ‘बघते’ केलं. ‘शाळेतनं’चं ‘शाळेतून’ केलं. सहा मार्क दिले दहापैकी.

आज सकाळी पोरगी देवळापाशी भेटली. वही घरी नेली होती म्हणे, आज्जीला दाखवली. म्हणाली, “सर, आज्जीपण ‘मी आलो’ म्हणते. चुकीचं बोलते काय ती?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागात बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो, मी करतो’ असंच म्हणतात. कोल्हापूरकडंही हे आहे. कानडीत ‘नानु बंदे’ बाईनं म्हटलं काय आणि बाप्यानं म्हटलं काय, सारखंच. शेजाराचा वारा लागणारच की. पिढ्यान्‌पिढ्या बायका असंच बोलत आल्या आणि मी एकोणीस वर्षं त्याला गोल मारत आलो.

तर विचारायचं ते हे. आपल्या सीमाभागानं जे साहित्य लिहिलं त्यात आपण आहोत काय? आणि जे लिहिलं गेलं त्यानं आपल्याला काय करून ठेवलं? भाषणासाठी नको, मलाच पाहिजे.

खानापूरवाला | रविवार, रात्री ९:२५

वाचनखूण साठवली. दहापैकी सहा म्हणजे जरा कमीच दिले मास्तर.

पेठेतला | रविवार, रात्री ९:५२

लेख छान, पण भावनेच्या भरात प्रमाणभाषेवर राग काढू नये असं नम्र मत. बोली घरात असतेच. शाळेनं प्रमाण नाही शिकवायचं तर कुणी? उद्या ती मुलगी पुण्यात नोकरीला आली आणि ‘मी आलो’ म्हणाली तर हसं कुणाचं होईल?

निपाणीची_लेक | रविवार, रात्री १०:४०

पेठेतले साहेब, मी आलो पुण्यात. नोकरीला. बावीस वर्षं झाली आणि हसं झालंय, तुमचा अंदाज बरोबर आहे. 😊

हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात मला रोज बोलून दाखवायला लावायचे. “ए, ते तुझं ‘काय करूलास’ म्हण की एकदा.” का, तर त्यांनी पुलंचे ‘रावसाहेब’ ऐकलेले. बेळगावचं माणूस म्हणजे विनोदी माणूस हे त्यांचं पक्कं ठरलेलं. मी रडत होतो तरी त्यांना गंमतच वाटायची. सहा महिन्यांत मी ‘आले, गेले’ शिकले. आता घरी फोन केला की आई म्हणते, “कोण बोलतंय?”

खडेबाजार | रविवार, रात्री ११:१५

वय ७८. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

लेकी, तुझं दुःख खरं, पण त्या लेखावर अन्याय नको. पुलं इथं राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते. रावसाहेब म्हणजे कृष्णराव हरिहर, खरा हाडामासाचा माणूस. ‘गणगोत’मधला तो लेख जीव लावून लिहिलेला आहे, शेवटाकडं माझ्या तर डोळ्यांत पाणी येतं. लोकांनी त्यातला हेल तेवढा उचलला आणि माणूस तिथंच ठेवला. लेखकानं काय करावं त्याला?

निपाणीची_लेक | रविवार, रात्री ११:३१

काका, लेखावर माझा राग नाही. पण उरला तो हेलच ना? हॉस्टेलमधल्या एकीनंही शेवट मला वाचून दाखवला नाही.

खानापूरवाला | सोमवार, सकाळी ७:०५

याला उतारा प्रकाश संत. त्यांच्या गोष्टींतला पोरगा, लंपन. तीच आपली कानडी वळणाची बोली, तीच गल्ली, तेच आजी-आजोबांचं घर, पण तिथं वाचक बोलीला हसत नाही. त्या पोराच्या डोक्यात जाऊन बसतो. पुण्यामुंबईची माणसं मला विचारतात, ‘लंपनचं गाव कुठं आलं?’ पूर्वी विचारायची, ‘तुमच्याकडं सगळे असंच बोलतात काय?’ एका माणसाच्या चार पुस्तकांनी प्रश्न बदलला की हो.

मास्तर_मार्कंडेय | सोमवार, सकाळी ७:४०

+१. मी हे वर्गात करून बघितलंय. ‘वनवास’मधलं एक पान वाचून दाखवलं तर पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ‘सर, हे असं पुस्तकात चालतं?’ हा पहिला प्रश्न. चालतं म्हटलं. मग दुसरा प्रश्न: ‘मग आम्हाला का चालत नाही?’ तेवढ्यात तास संपला. बरं झालं संपला.

घटप्रभा | सोमवार, दुपारी १:२०

मी जरा दुसऱ्या दारातनं येतो. घरची भाषा मराठी, शिक्षण सगळं कानडीत, गोकाकच्या बाजूला. त्यामुळं दोन्हीकडचे मास्तर खाल्लेत.

मार्कंडेय मास्तर, ते लाल पेन कानडीतही आहे हो. आम्हाला व्याकरणाला एक सर होते, मैसूरच्या बाजूचे. आमचं ‘हौद्री, बर्री’ ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी. उत्तर कर्नाटकाची कानडी म्हणजे गावंढळ, नाटकात नोकराच्या तोंडी घालायची, असा एकूण भाव. मग चंद्रशेखर कंबार वाचायला मिळाले. आमच्याच जिल्ह्यातले, घोडगेरीचे. त्यांनी हीच बोली नाटकात आणली आणि ती नोकराच्या तोंडी ठेवली नाही, सगळ्या नाटकाची केली. पुढं त्यांना २०१० चं ज्ञानपीठ मिळालं. त्या दिवशी आमच्या गावच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांपैकी नाटक कुणी वाचलं नव्हतं, पण ‘आपल्या भाषेला मिळालं’ असंच सगळे म्हणत होते. मैसूरला मिळालं असं कुणी म्हणालं नाही.

आणि एक. आपलं मराठी नाटक कानड्याच्या मांडीवरच वाढलंय. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ तिथं झाल्यानंतर, त्या धर्तीचं पण मराठीत काहीतरी पाहिजे म्हणून. आणि त्याच १८४३ साली गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, तेही आपल्याच जिल्ह्यात. १८८० ला त्यांचं ‘शाकुंतल’ पुण्यात उभं राहिलं तेव्हा ‘बेळगावकडचं आहे, हेल बघा’ असं म्हणून कुणी हसलं नसणार!

अनामिक_बेळगाव | सोमवार, दुपारी २:०२

हे सगळं कानडीचं कौतुक सीमाभागाच्या धाग्यावर कशाला? आमच्या दुकानावरच्या पाट्या कोण उतरवतंय ते बघा आधी. येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक पाडला ते विसरलात काय?

घटप्रभा | सोमवार, दुपारी २:१०

विसरलो नाही. २०१४ ला आमचा पाहुणा येळ्ळुरात होता. पण माझी आई मराठी आणि शाळा कानडी, आता मी कुठली पाटी उतरवू ते सांगा.

व्यवस्थापक | सोमवार, दुपारी २:४५

सीमाप्रश्नाच्या राजकारणावर वेगळा धागा आहे, तिथं बोलावं. मधले चार प्रतिसाद उडवले आहेत. इथं साहित्यावर चालू द्या.

खडेबाजार | सोमवार, रात्री ८:३०

व्यवस्थापक, तुमचा हुकूम मान्य, पण बेळगावात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. दाखला देतो.

१९४६ साली मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरलं. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या मांडवात झाला. राजकीय पक्षानं केला नाही, साहित्यिकांनी केला. जुलैत मुंबईला शंकरराव देवांच्या पुढाकारानं संयुक्त महाराष्ट्र परिषद झाली, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वडील त्या संमेलनात पाणी द्यायला स्वयंसेवक होते. म्हणायचे, भाषणं काही समजली नाहीत, टाळ्या मात्र समजल्या. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, १९६० ला महाराष्ट्र झाला तो आम्हाला बाहेर ठेवून. ज्या गावात ठराव झाला तेच गाव ठरावाबाहेर राहिलं. ‘साहित्य समाज घडवतं काय’ म्हणून विचारता? एक अख्खं राज्य घडवलं, आणि ज्या घरात पाळणा हलला ते घर रिकामं ठेवलं.

आता मास्तरांच्या गोलाबद्दल. मला यात १९५६ दिसतं. जमीन कुणाची हे जेव्हा भाषेवर ठरायला लागलं तेव्हापासनं आपली मराठी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी आहे. सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ ला अहवाल दिला, गावं मोजली, कुठलं गाव इकडं आणि कुठलं तिकडं. २००४ पासनं सुप्रीम कोर्टात दावा आहे. असा साक्षीदार अंगावरचे कपडे झाडून, केस विंचरून, नीट बोलतो. घरात कसं बोलतो ते कोर्टाला ऐकू जाऊ देत नाही. ‘उप्पीट’ म्हटलं, ‘अक्का’ म्हटलं, पोरगी ‘मी आलो’ म्हणाली, की लगेच समोरचा वकील म्हणणार, बघा, यात कानडी आहे! म्हणून आपण पुण्यापेक्षा शुद्ध लिहायला लागलो. आमच्या संमेलनातल्या कविता ऐका. एकदम स्वच्छ मराठी, भगवी, खणखणीत. त्यात कुणी उप्पीट खात नाही.

(मी स्वतः तसल्या चाळीस-पन्नास कविता केल्यात. जाळायला देत नाही, पण छापायलाही देत नाही.)

पेठेतला | सोमवार, रात्री ९:१५

खडेबाजार काका, हे साक्षीदाराचं मला कधी सुचलं नव्हतं. माझा कालचा प्रतिसाद जरा घाईचा होता. तरी इंदिरा संतांचं काय? त्या तर बेळगावातच राहिल्या. त्यांच्या कवितेत ना सीमा, ना बोली.

खडेबाजार | सोमवार, रात्री ९:५०

‘मेंदी’ १९५५ ची, ‘मृगजळ’ १९५७ चं. मधे ५६ गेलं. मला तरी त्या दोन संग्रहांत प्रांतरचना सापडली नाही, आणि सापडली नाही याचं बरं वाटतं. गावात मोर्चे निघत असताना एक बाई घरातल्या काळोखाबद्दल लिहीत होती. तेही बेळगावच.

निपाणीची_लेक | सोमवार, रात्री ११:०५

झोप येईना म्हणून लिहितो. (बघा, इथं आल्यावर परत ‘लिहितो’ झालं.)

माझी आई तंबाखूच्या वखारीत जायची. निपाणीत ज्यांनी लहानपण काढलंय त्यांना हा वास सांगायला नको. पदराला, केसांना, भाकरीला. चाळण्या मारताना जी धूळ उडते ती नाकातोंडात जाते. संध्याकाळी आई आली की आधी मोरीत जाऊन दहा मिनिटं खोकायची, मग आम्हाला जवळ घ्यायची. १९८१ ला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, शरद जोशी आले, हायवे अडवून बसले लोक, गोळीबारात १२ शेतकरी गेले. ते सगळ्यांना माहीत आहे. वखारीतल्या बायकांचं एवढं कुणाला माहीत नाही.

एका माणसाला माहीत होतं. महादेव मोरे. निपाणीतच पिठाची गिरणी चालवायचे आणि लिहायचे. गिरणीत दळण घेऊन कोण येतं? बायकाच. २०२४ ला ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो, आणि मला लाज वाटली, कारण मी त्यांचं एक पुस्तकही वाचलं नव्हतं. इथं दुकानात मिळेना. शेवटी गावाकडनं मागवलं.

दिवाळीला आईला वखारीतल्या बायकांबद्दलचं थोडं वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही. पहिल्यांदा तिला वाटलं पेपरच वाचतोय. मग ती लसूण सोलायची थांबली. म्हणाली, “हे त्याला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, गिरणीत ऐकलं असेल. ती म्हणाली, “दळण घेऊन आम्ही रांगेत बोलत बसायचो, हे तिकडं पिठात बसून ऐकत होतं होय!” आणि मग चुका काढायला लागली. दिवाणजी असा नाही बोलायचा. पगार शनिवारी व्हायचा. एवढ्या जोरात कुणी रडायचं नाही, रडलं की दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचे नाहीत.

मला सांगायचंय ते हे. त्या लेखकानं आम्हाला लिहिलं, पण ते आमच्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं आणि पुण्याला गेलेली एक लेक लागली. आरसा भिंतीला होता, पण त्या खोलीत जायला आम्हाला परवानगी नव्हती. म्हणून तो समाज घडवतो बिडवतो म्हणताना जरा हळू म्हणा.

खानापूरवाला | सोमवार, रात्री ११:२०

अक्का, 🙏. ‘रडलं की दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचे नाहीत’ हे कुठल्या पुस्तकात नाही. तू लिही.

घटप्रभा | मंगळवार, सकाळी १०:३०

निपाणीच्या अक्कांचं वाचून एक जोडी आठवली. कोवाडच्या रणजित देसाईंची ‘बारी’. १९५९ ची. आपल्याकडच्या रानातल्या बेरड जमातीवर. कादंबरी मोठी आहे, मी दोनदा वाचली, त्यातलं रान अजून डोळ्यासमोर आहे. पण ती बघणाऱ्यानं लिहिली. नंतर यमनापूरच्या भीमराव गस्तींचं आत्मकथन आलं, नावच ‘बेरड’. चोरी कुठंही होवो, पोलीस आधी वस्तीत येणार, बापाला उचलणार. ‘बारी’त मला बेरडांची कीव आली होती. ‘बेरड’ वाचून माझी मलाच लाज वाटली, कारण आमच्या घरातही म्हशी सुटल्या की आजोबा आधी त्यांच्याच वस्तीचं नाव घ्यायचे. लहानपणी ऐकलेलं ते वाक्य पुस्तकात पोलिसाच्या तोंडी भेटल्यासारखं झालं.

गस्ती पुस्तक लिहून बसले नाहीत, देवदासींसाठी आयुष्यभर राबले. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात. देवदासी प्रथेवर बंदीचा कायदा १९८२ सालीच झाला, पण कायदा काय म्हणतो आणि पौर्णिमेला डोंगरावर काय चालतं यात जी फट होती तिथं ते उभे राहिले.

पेन कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं आहे, मास्तर. लाल असो की निळं.

अनामिक_बेळगाव | मंगळवार, सकाळी ११:१५

कालचा माझा प्रतिसाद उडवला, ठीक. पण एक सांगा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ऐकली की अजून अंगावर काटा येतो की नाही? तिकडच्या माणसाला बेळगाव, कारवार, निपाणी कशामुळं आठवतं? त्या छक्कडीमुळंच. साहित्यानं आम्हाला जिवंत ठेवलंय.

निपाणीची_लेक | मंगळवार, दुपारी १२:५०

काटा येतो. मलाही येतो. शाळेत स्नेहसंमेलनात मी त्यावर नाच केलाय, हिरवी साडी नेसून.

पण दादा, त्या सगळ्या गाण्यात मैना एकदा तरी बोलते काय? तो मुंबईला, ती गावाकडं. तो तिच्या रूपाचं, दागिन्यांचं, विरहाचं सांगतो. ती वाट बघते. आपण सत्तर वर्षं तसंच करतोय. तिकडचा कुणी मांडवात येतो, आपल्यासाठी दोन अश्रू ढाळतो, ‘बेळगाव आमच्या काळजाचा तुकडा’ म्हणतो, मानधनाचं पाकीट घेतो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. मैनेला काय वाटतं ते मैनेच्या भाषेत कुणी विचारायचं? मास्तरांच्या वहीतल्या पोरीनं सांगितलं होतं की. केसातले तंतू वेचत. तर तिला सहा मार्क.

अनामिक_बेळगाव | मंगळवार, दुपारी १:४०

हं. यावर बोलता येईना.

पेठेतला | मंगळवार, दुपारी २:२०

मास्तर, आता भाषणात काय बोलणार?

मास्तर_मार्कंडेय | मंगळवार, रात्री १०:००

तेच कळेना झालंय. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

पण माझी अडचणही समजून घ्या. दहावीच्या परीक्षेत ती पोरगी ‘मी आलो’ लिहिणार आणि पेपर तपासणारा माझ्यासारखाच कुणीतरी असणार. त्याच्याही हातात लाल पेन. पोरीचे मार्क मी माझ्या तत्त्वासाठी घालवू काय? म्हणून काल वर्गात असं सांगितलं: परीक्षेत ‘आले’, आणि माणूस बोलत असेल तिथं तो बोलतो तसं. एक पोरगा म्हणाला, “म्हणजे सर, गावात एक आणि पेपरात एक.” खडेबाजार काकांचा साक्षीदार आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो.

दुसरं काम केलं. निबंध परत लिहायला दिला. अट एवढीच, पुस्तकात वाचलेलं एकही वाक्य नको. दोन दिवस वर्गात नुसता गोंधळ. ‘सर, मग लिहायचं काय?’ मग हळूहळू यायला लागलं. एकानं लिहिलंय, बाबांची रात्रपाळी असली की घरात टीव्ही आवाज बंद करून बघावा लागतो. एकीनं बस चुकवायचं गणित लिहिलंय: पहिली बस चुकवली तर कुठली मैत्रीण भेटते, दुसरी चुकवली तर कुठली. नदी तीन वह्यांत आहे, आणि तिन्हीत ती घरात आलेली आहे.

त्या पोरीचा निबंध संमेलनाच्या स्मरणिकेला दिला. जसाच्या तसा.

खानापूरवाला | मंगळवार, रात्री १०:१२

हेच भाषण. वाचून दाखवा आणि खाली बसा.

(पुढील प्रतिसाद तेरा दिवसांनी)

मास्तर_मार्कंडेय | सोमवार, रात्री ८:५५

संमेलन काल झालं. सांगायचं टाळत होतो, पण धागा मीच काढलाय.

परिसंवादाला वेळ उरला सात मिनिटं. पाहुण्यांचं भाषण लांबलं. मी पोरांच्या वह्यांतली चार वाक्यं वाचली. बसच्या गणिताला लोक हसले, नदीच्या वाक्याला मांडव गप्प झाला. मागच्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ उठून ‘मास्तर, ते परत वाचा’ म्हणाले. एवढंच. बरं झालं.

मग स्मरणिका हातात आली. पान १७, पोरीचं नाव ठळक. उघडून बघतो तर: ‘मी शाळेतून आले की आईची वाट बघते.’ सगळे ‘आलो’ गेलेले. ‘शाळेतनं’ गेलेलं. केसातले तंतू तेवढे राहिलेत. मी तावातावानं छापखान्यात फोन लावला, कुणी अक्कल चालवली म्हणून. तो म्हणाला, “सर, तुमच्याच दुरुस्त्या आहेत, पानं ठेवलीयत माझ्याकडं.”

प्रूफं मीच बघितली होती. गुरुवारी रात्री साडेअकराला, ६४ पानं, झोपेत. हातात लाल पेन होतं.

घटप्रभा | सोमवार, रात्री ९:०३

अय्यो मास्तर.

निपाणीची_लेक | सोमवार, रात्री ९:२०

पोरीला सांगितलं काय?

मास्तर_मार्कंडेय | सोमवार, रात्री ९:२८

सांगितलं. तिला विशेष काही वाटलं नाही. “असू दे की सर, नाव तर बरोबर आलंय” म्हणाली. आणखी एक प्रत मागितली, मावशीला द्यायला. आज्जीला तिनं वाचून दाखवलं म्हणे. आज्जी शेवटपर्यंत ऐकून विचारायला लागली, “चांगलं आहे गं, पण हे कुणाच्या घरातलं?”

खडेबाजार | सोमवार, रात्री १०:४०

मास्तर, किती प्रती उरल्यात?

मास्तर_मार्कंडेय | सोमवार, रात्री १०:४४

दोनशे चाळीस. शाळेच्या कपाटात आहेत.

खडेबाजार | सोमवार, रात्री ११:०२

पान १७ हातानं दुरुस्त करू. एका पानावर किती जागा आहेत? पाच-सहा असतील. मी निवृत्त माणूस, रविवारी सकाळच्या बसनं येतो. चष्मा आहे, हात अजून कापत नाही. येताना कुंदा आणतो.

खानापूरवाला | सोमवार, रात्री ११:०८

मी पण. दोघं असलो तर दुपारपर्यंत उरकेल.

मास्तर_मार्कंडेय | सोमवार, रात्री ११:१५

या. शाळेची किल्ली माझ्याकडंच असते. पेनं मात्र निळी आणा.